परभणीतलं ग्राहक केसवालं वकील ऑफिस, ५ पैकी ४ स्टार

सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही म्हणून आम्ही गावातले काही शेतकरी इथं गेलतो. आमचं डोक्यात एकच, जिल्ह्यात जेवढे फसले तेवढ्यांची एकच केस टाका आन मोकळं व्हा. वकील साहेबांनी आधी कागद मागितले, दुकानाची पावती, पिशवीचा टॅग, बियाण्याच्या तक्रारी बघणाऱ्या तालुका समितीचा पंचनामा. सगळे टॅग टेबलावर मांडून लॉट नंबर जुळवले आन दोघांना तिथंच बाजूला काढलं, तुमचा लॉट दुसरा हाय, तुमची तक्रार वेगळी टाकू. दोघं जरा रुसले, पण बरोबर होतं.

मग सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ३५ खाली सगळ्यांच्या वतीनं केस करता येते, पण ग्राहक आयोगाची परवानगी लागते, सगळ्यांचं हित सारखं आहे हे तक्रारीतच मांडावं लागतं, वरून पेपरात जाहीर नोटीस द्यायची तर तो खर्च बी आपल्याच बोकांडी. बंगळूरच्या एका बिल्डरचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलतं २०२१ ला, प्रोजेक्ट ११३४ फ्लॅटचा आन केस केली ५१ फ्लॅटवाल्या ९१ जणांनी. कोर्ट म्हणलं ही काय सगळ्यांच्या वतीची केस धरता येत नाही, पण तेवढ्यांची मिळून एकत्र तक्रार चालू शकते. आमची मग तशीच टाकली. आयोगाची फी शून्य, कारण ती नुकसानीवर नाही, बियाण्याला मोजलेल्या पैशावर धरतात आन ५ लाखापर्यंत काहीच नाही.

कंपनी म्हणणारच की नमुना लॅबला का दिला नाही. त्याला २०१२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल जोडलाय, शेतकरी घेतलेलं सगळं बियाणं पेरून टाकतो, नमुना ठेवल का कुणी! कंपनीच्या वकिलाला लेखी जबाबाला ३० दिवस, वर फार तर १५, पुढं आयोगालाच वाढवून देता येत नाही हे बी यांना तोंडपाठ, त्यामुळं तिकडून जबाब वेळेत आला. निकाल अजून नाही, तारखा चालूच हायत.

एक स्टार कापला तो फोनसाठी, कधीच उचलत नाहीत, आन झेरॉक्सचे पैसे लई लावतात. जायचं तर संध्याकाळी कोर्ट सुटल्यावर जा, दोन वर्षाच्या आत जा, नंतर तक्रार घ्यायला उशिराचं कारण पटवावं लागतं, आन पिशव्या फेकू नका.