अस्तंबा, लळिंग की तोरणमाळ : सूर्योदयासाठी कुठला डोंगर?

दिवाळी जवळ आली की धुळे-नंदुरबारकडे एक बेत हमखास शिजतो: रात्री चढायचं आणि माथ्यावरून सूर्य उगवताना बघायचा. नावं साधारण तीनच निघतात, पण तिघांची जातकुळी वेगळी.

खरा रात्रीचा डोंगर अस्तंबाच. सातपुड्यातलं हे 1,325 मीटरचं शिखर अश्वत्थाम्याचं ठाणं मानतात. कपाळावरच्या जखमेसाठी तो तेल मागत फिरतो आणि वाट चुकलेल्याला वाट दाखवतो, अशी श्रद्धा. धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रा भरते. तळोद्याहून कोठार, असली करत जथ्थे निघतात. गुजरात, मध्य प्रदेशातूनही लोक येतात. या तिथीला चंद्राची कोर उगवते ती थेट पहाटे, म्हणजे सगळी चढण बॅटरीच्या उजेडात. वर पाहिलं तर दिव्यांची रांग, खाली पाहिलं तर बुटाखाली सरकणारी खडी. शेवटचा टप्पा उभा आणि अरुंद. पुढचा थांबला की आपणही थांबायचं. थांबलं की घामाने चिंब सदरा वाऱ्यात असा गार पडतो की दात वाजतात, म्हणून पिशवीत कोरडा सदरा आणि कानटोपी हवीच. एवढं करून माथ्यावर निवांत सूर्योदय मिळेल म्हणाल तर विसरा, गर्दीत खांद्यांच्या फटीतून दिसेल तेवढा आपला. पण रात्रभरचा जयघोष आणि अनोळखी माणसाने पुढे केलेला हात दुसरीकडे मिळणार नाही. यात्रा नसताना मात्र रात्री जाऊ नका. तळोदा भागात बिबट्याचा वावर आहे. दिवसा जा, स्थानिक वाटाड्या घेऊन.

लळिंगचं सगळं उलट. धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गाला खेटून असलेला हा खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळातला किल्ला. चढण तासाभराची, त्यामुळे रात्र जागायचं कारणच नाही. दिवाळीत सूर्योदय साडेसहाच्या थोडा पुढे, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. रंगांची खरी गंमत त्याच्या आधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत. पावणेपाचला पायथा सोडला तरी वर टेकायला वेळ उरतो. ट्रकांची घरघर वरपर्यंत येते, ती सोसायची तयारी ठेवा. माझं मत विचाराल तर कोजागरीची पहाट साधा: पश्चिमेला पूर्ण चंद्र मावळत असतो आणि पूर्वेला सूर्य वर येत असतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी डोळे झाकून लळिंगच सांगेन.

तोरणमाळला गाडी थेट पठारावर जाते. घरचे वडीलधारे, लेकरं सोबत असतील तर मुक्काम करा, पहाटे शाल गुंडाळून बाहेर पडा. यशवंत तलाव, सीताखाई बघून होते. चढल्याचं समाधान मात्र शून्य.

खर्च-वेळ सगळे मोजतात, परतीची झोप कुणी मोजत नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदशैली घाटात उलटली, माणसं गेली. रात्रभर चढलेल्याने घाटात स्टिअरिंग धरू नये आणि मालवाहू गाडीत दाटीवाटीने बसूही नये. अस्तंबा ठरवत असाल तर न चढणारा, खाली रात्रभर झोपलेला ड्रायव्हर आधी ठरवा. तो मिळत नसेल तर यंदा लळिंग करा.