अलेप्पीची हाउसबोट पाच जणांत घ्यायची तर: सहमालकी, भागीदारी संस्था की एलएलपी?

केरळातल्या अलेप्पीहून परतलेल्या मित्रमंडळींत ‘आपणच मिळून एक हाउसबोट घेऊ या’ असा विषय पुष्कळदा निघतो. बोट किती खोल्यांची असावी यावर तासन्‌तास बोलणे होते, मालकी कोणत्या स्वरूपात ठेवायची हा प्रश्न मात्र विसार दिल्यानंतर आठवतो. पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी बोट घ्यायची असेल तर सामान्यतः तीन मार्ग समोर येतात: साधी सहमालकी, १९३२ च्या कायद्याखालील भागीदारी संस्था आणि २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार लागणारी नोंदणी, तपासणी आणि विमा यांतून कोणत्याही मार्गाने सुटका नाही.

सहमालकी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवी, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. आमची पाच जणांची बोट जुन्या पद्धतीची, म्हणजे आंजिली या झाडाच्या लाकडाच्या फळ्या खिळ्यांशिवाय काथ्याच्या दोरीने बांधून केलेली होती. एका डिसेंबरात ती दुरुस्तीसाठी पाण्याबाहेर काढली, तेव्हा स्वयंपाकघराखालची एक फळी अंगठ्याने दाबली तरी आत जात होती. कारागिराने खर्चाचा अंदाज दिला, आगाऊ रक्कम आणि एकाची सही मागितली. पण सही करण्याचा अधिकार आम्ही कोणालाच लेखी दिला नव्हता, एक जण परदेशात होता आणि दुसऱ्याला खर्च अवाजवी वाटत होता. ऐन हंगामातले अकरा दिवस बोट फळकुटांवर उभी राहिली. सहमालकीत बहुमताचा नियम कायद्याने आपोआप लागू होत नाही, आणि एखाद्याने आपला अविभक्त हिस्सा परक्याला विकला तर बाकीच्यांना त्या परक्याशी जुळवून घ्यावे लागते. सामाईक मालमत्तेचे उत्पन्न वाटून घेतल्याने कोणी भागीदार ठरत नाही, असे भागीदारी कायद्याचे सहावे कलम सांगते खरे. परंतु सगळे मिळून धंदाच चालवत असतील तर वाद झाल्यावर ती भागीदारीच ठरण्याची शक्यता राहते, म्हणजे भागीदारीची जबाबदारी अंगावर येते आणि करारनाम्याचे संरक्षण मात्र नसते.

भागीदारी संस्थेत ही उणीव बरीच भरून निघते. करारात वेगळे ठरवले नसेल तर नेहमीच्या व्यवहारातले मतभेद बहुमताने सुटतात, नवा भागीदार सर्वांच्या संमतीशिवाय येऊ शकत नाही, आणि कोणी आपला हिस्सा दुसऱ्याच्या नावे केला तरी त्या दुसऱ्याला संस्था चालू असेपर्यंत नफ्यापलीकडे कारभारात हात घालता येत नाही. मात्र करारात लिहिले नसेल तर भांडवल कमी-जास्त असूनही नफा समान वाटला जातो, आणि एका भागीदाराच्या मृत्यूने संस्था विसर्जित होते. या दोन बाबींत काय व्हावे याची कलमे भागीदारीपत्रात प्रथम लिहावीत. संस्थेची नोंदणीही करावीच, कारण नोंदणी नसलेल्या संस्थेला करारातून आलेल्या हक्कासाठी बाहेरच्या पक्षावर दावा लावता येत नाही, आणि पैसे थकवणारा पर्यटन एजंट नेमका बाहेरचाच असतो. सर्वांत जड बाब म्हणजे पंचविसावे कलम: संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार आपल्या घरादारासह जबाबदार असतो. रात्री झोपलेली माणसे, स्वयंपाकाचा गॅस आणि चहूकडे पाणी असलेल्या धंद्यात हा धोका कागदावरचा नाही.

एलएलपीत बोट संस्थेच्या नावावर राहते, त्यामुळे कोणी भागीदार गेला तरी मालकी बदलत नाही. एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याच्या घरावर सहसा टाच येत नाही, मात्र ज्याची चूक त्याची वैयक्तिक जबाबदारी उरतेच, आणि बँकेने कर्जासाठी वैयक्तिक हमी घेतली असेल तर तेवढ्यापुरते हे कवच निरुपयोगी ठरते. आयकराचा मूळ दर भागीदारी संस्था आणि एलएलपी या दोन्हींना ३० टक्केच असल्याने त्यावरून निवड करण्यात अर्थ नाही. फरक कागदपत्रांच्या खर्चात आहे: एलएलपीला उत्पन्न शून्य असले तरी ३० मेपर्यंत वार्षिक विवरण आणि ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेबाचे विवरण भरावे लागते, आणि उलाढाल ४० लाखांवर किंवा भागीदारांचे भांडवल २५ लाखांवर गेले की लेखापरीक्षण बंधनकारक होते. बऱ्यापैकी बोटीची किंमत भांडवलातूनच भरली तर ही दुसरी मर्यादा सहज ओलांडली जाते.

बोट भाड्याने द्यायची असेल आणि भागीदार तीन किंवा अधिक, वेगवेगळ्या गावांत राहणारे असतील, तर हा खर्च सोसून एलएलपीच करावी, असे मी आग्रहाने सांगेन. अलेप्पीतच राहून कारभार पाहणाऱ्या दोघा भावांना नोंदणीकृत भागीदारी पुरते. सहमालकी केवळ स्वतःच्या वापराच्या बोटीसाठी ठेवावी. मार्ग कोणताही असो, किती रुपयांपर्यंतची दुरुस्ती कोणी एकट्याने मंजूर करायची, बाहेर पडणाऱ्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची, आणि नाताळचा आठवडा किंवा परंपरेने ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी होत आलेली नेहरू करंडक नौकाशर्यत अशा दिवसांत बोट मालकांनी वापरायची की गिऱ्हाइकांना द्यायची, हे करारात लिहून घ्यावे. आमच्यातला पहिला मोठा वाद त्या शनिवारावरूनच झाला होता.