निंबोळीच्या तेलाचा घरगुती साबण, दोन महिने वापरून बघितला

दिवाळीच्या आधी आमच्या इथे नाशकात घरगुती वस्तूंचं एक प्रदर्शन लागलं होतं, तिथून कडुनिंबाच्या साबणाच्या तीन वड्या आणल्या, 80 रुपयाला एक. स्टॉलचं नाव सांगत नाही, कारण खाली थोडी तक्रारही आहे आणि त्या बाईंनी मेहनत खरंच घेतलेली दिसत होती. घ्यायचं कारण म्हणजे मुलाच्या मानेवर, पाठीवर घामाने बारीक पुळ्या येतात आणि फुटबॉल खेळून आला की बुटांचा वास हॉलपर्यंत.

पहिलं म्हणजे वास. कागद सोडला आणि सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, बाथरूममध्ये लसूण कोण सोलतंय?" निंबोळीचं तेल असंच असतं, त्यात गंधकाची संयुगं असतात म्हणून लसणासारखा आणि जुन्या शेंगदाणा तेलासारखा खवट वास येतो. मला उलट बरंच वाटलं. गेल्या वर्षी दुकानातून आणलेला हिरवागार निंब साबण चाफ्यासारखा घमघमायचा आणि मागे बारीक अक्षरात बघितलं तर निंब अर्क यादीत शेवटून तिसरा. ही वडी मात्र मळकट तपकिरी, कडा वेड्यावाकड्या कापलेल्या, वर पांढरी भुकटी (ती सोड्याची असते, पुसली की जाते). तेल खरं आहे एवढं नाकाने कळतं.

आता जंतुनाशक वगैरे. स्टॉलवर पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं होतं, "99.9 टक्के जंतू मारतो, केमिकल नाही". मी विचारलं कशावर टेस्ट केलंय, तर ताई म्हणाल्या, "अहो, निंब आहे ना!" झालं. मी बीएस्सी मायक्रो केलंय त्यामुळे हे वाक्य मला पचत नाही. आम्ही थर्ड इयरला कडुनिंबाचाच प्रयोग केला होता, अगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) प्लेटवर जंतू पसरायचे, कागदाच्या छोट्या गोल चकत्या अर्कात बुडवून वर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती किती स्वच्छ गोल पडला ते पट्टीने मोजायचं. पाला पाण्यात उकळून केलेल्या अर्काभोवती काहीच नाही, अल्कोहोलमध्ये काढलेल्याभोवती जेमतेम कडं आणि शेजारी अँटिबायोटिकची चकती, तिच्याभोवती रुपयाएवढं मैदान! सर म्हणायचे, झाडात गुण आहे, पण तो किती, कशात विरघळतो आणि कुठल्या जंतूवर चालतो हे विचारा. पुळ्यांमधला स्टॅफ नावाचा जंतू बऱ्याच वेळा दाद देतो, आतड्यातल्या ई कोलाय जंतूला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं त्यामुळे तो सहसा बधत नाही.

आणि केमिकल नाही कसं? कडूपणा ज्याच्यामुळे आहे तेच केमिकल. रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दीकींनी 1942 मध्ये निंबोळीच्या तेलातून निंबिन, निंबिनिन, निंबिडिन हे कडू पदार्थ वेगळे काढले, नावंसुद्धा निंबावरूनच पडली. यातल्या निंबिडिनचा जंतूंवरचा परिणाम नंतर प्रयोगशाळांत बघितला गेला. पाल्यात वेगळं असतं, निंबोलाइड वगैरे. म्हणजे वेष्टनावर नुसतं "निंब" लिहिलं तर पाला, साल की बी हे कळायला नको का? शिवाय कॉस्टिक सोडा घातल्याशिवाय साबण होतच नाही. सोड्यात मुरल्यावर त्या कडू पदार्थांतलं किती शिल्लक राहतं आणि वीस सेकंदात धुवून टाकल्यावर अंगाला किती लागतं, हा माझा खरा प्रश्न. अमेरिकेत 2016 मध्ये ट्रायक्लोसान या जंतुनाशकासकट 19 घटक जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणांतून काढायला लावले, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ते जास्त काम करतात हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. मग आपल्या पुठ्ठ्यावरचं 99.9 कुठून आलं!

अनुभव. पहिली वडी छान चालली, फेस कमी पण त्वचा ताणल्यासारखी होत नाही, पाठीच्या पुळ्या तीनेक आठवड्यात बऱ्याच बसल्या. निंबाने बसल्या की थंडी सुरू झाली म्हणून, देव जाणे. बुटांचा वास जैसे थे. दुसऱ्या वडीने मात्र मान चुरचुरली, लाल झाली. फोन केला तर कळलं की दिवाळीची ऑर्डर होती म्हणून तो घाणा दहा दिवसांतच कापून विकायला काढला. अहो, असा साबण चार ते सहा आठवडे सुकवावा लागतो! मी वडी महिनाभर कपाटावर उघडी ठेवली आणि मग लावली, चुरचुर बंद. वडीवर बनवल्याची तारीख असती तर मुलाला त्रास झाला नसता, ही माझी मोठी तक्रार. आणि जाळीच्या साबणदाणीत ठेवा, नाहीतर खाली चिकट लगदा होतो.

दुसरी तक्रार साबणाची नाही पण लिहायलाच हवी. त्याच स्टॉलवर निंबोळी तेलाची छोटी बाटली होती आणि "बाळाला जंतासाठी दोन थेंब" असं तोंडी सांगत होते. नका देऊ! तान्ह्या मुलांना हे तेल पाजल्यावर उलट्या, झटके, बेशुद्धी अशा केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्यात. पाडव्याला आपण गूळ-ओवा घालून चिमूटभर पाला खातो ते वेगळं आणि बियांचं तेल वेगळं.

तर साबण म्हणून पाचपैकी साडेतीन, औषध म्हणून मार्क देत नाही. 80 रुपयात परत घेईन, पण तारीख विचारून. तिसरी वडी सासूबाईंनी तांदळाच्या डब्यांच्या कपाटात ठेवलीये, म्हणतात किडे येत नाहीत. भाताला अजून तरी लसणाचा वास आलेला नाहीये.