मसाला उद्योगाचे दहा दिवसांचे प्रशिक्षण: माझा अनुभव

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी एका बँकेतर्फे चालणाऱ्या स्वयंरोजगार प्रशिक्षण केंद्रात मी पापड, लोणचे आणि मसाल्यांचे १० दिवसांचे निवासी प्रशिक्षण घेतले. शिकवणी, राहणे आणि जेवण सारे विनामूल्य होते.

सर्वाधिक उपयोगी ठरला तो किंमत काढण्याचा तास. शिकवणाऱ्या ताईंनी प्रत्येकीला १ किलो भिवापुरी मिरची तोलून दिली, देठ काढायला लावले आणि दळून आणल्यावर पुन्हा तोलायला सांगितले, तेव्हा काट्यावर जेमतेम साडेआठशे ग्रॅम तिखट भरले. दळणाचे पैसे, पाकीट, लेबल, एसटीचे भाडे आणि स्वतःची मजुरी मांडत गेले, तसे लक्षात आले की बचत गटाच्या स्टॉलवर मी दोन वर्षे तोट्यातच तिखट विकत होते. घरच्या बाईची मजुरी हिशेबात धरायचीच, हा ताईंचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

कर्जाचा भाग मात्र घाईत उरकला. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळते, एवढेच सांगितले. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले असते आणि किमान १० टक्के रक्कम आपल्याला उभी करावी लागते, हे मला पुढे बँकेत गेल्यावर कळले. नव्या तुकडीतील बहिणींनी हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय नसल्यामुळे आमच्या गावची एक जण तिसऱ्या दिवशी परतली. ही उणीव केंद्राने तातडीने दूर करायला हवी.