लीड विकत घ्यायच्या की लेख लिहायचे?

घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात नवीन असलेल्या एका मित्राचा प्रश्न: घरांच्या जाहिरातींच्या पोर्टलकडून लीड (घर घेऊ-विकू पाहणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर) विकत घेऊ, की तोच पैसा आणि वेळ स्वतःच्या वेबसाइटवर लिहिण्यात घालू?

आधी खर्च. लीडला रोख पैसे लागतात आणि पैसे थांबले की फोनही थांबतात. लिहिण्याला डोमेन-होस्टिंगचा किरकोळ खर्च, बाकी सगळे तास तुमचे. ते तास फुकट नसतात, हे ‘लिहा, लिहा’ म्हणणारे सहसा सांगत नाहीत.

वेगात लीड सरळ जिंकते. सर्चमधून वाचक यायला कित्येक महिने जातात, कधी येतही नाहीत.

खरा फरक येणाऱ्या माणसात आहे. एकच लीड बऱ्याचदा अनेक एजंटांना विकलेली असते. बोलणं सुरू होतं तेच ‘कमिशन कमी कराल का’ इथून. याउलट टायटल (मालकी हक्क) कसं तपासायचं, ताबा लांबला तर काय करायचं, हे तुमचं वाचून आलेल्या माणसाचा विश्वास थोडा आधीच बसलेला असतो. शिवाय लिहायचं म्हणजे नियम नीट वाचावे लागतात, त्यातून एजंटच तयार होतो. मला हा फायदा सगळ्यात मोठा वाटतो. मात्र कर किंवा व्याजदर बदलले की जुने लेख दुरुस्त करावे लागतात.

पुढच्या महिन्याचा खर्च भागवायचा असेल तर लीडच घ्या. एकाच भागात वर्षानुवर्षं काम करायचं असेल आणि लिहायचा कंटाळा नसेल, तर लेख. लिहिणं जमतच नसेल, तर दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या गुळमुळीत मजकुरापेक्षा जुन्या ग्राहकांना फोन केलेले बरे.