एमएसडब्ल्यूचे क्षेत्रकार्य मोठ्या सरकारी रुग्णालयात करावे का?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला क्षेत्रकार्यासाठीच्या एजन्सींची (जिथे प्रत्यक्ष काम करत शिकायचे त्या संस्थांची) यादी लागली की महाविद्यालयात पहिली चर्चा असते ती रुग्णालय कोणाच्या वाट्याला आले याची. वैद्यकीय व मनोविकार समाजकार्य हे विशेषीकरण घेतलेल्यांना ते बहुधा मिळतेच, इतरांना ते अंगावर आल्यासारखे वाटते. माझे क्षेत्रकार्य मुंबईतील एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात झाले. पुढे काही तक्रारीही मांडायच्या असल्यामुळे रुग्णालयाचे आणि महाविद्यालयाचे नाव मी देत नाही. मत मात्र आधीच सांगते : शिकण्यासाठी याहून भरलेली जागा मिळणे कठीण आहे, परंतु तेथे तुमचे रेकॉर्डिंग (केलेल्या कामाची लेखी नोंद) वाचणारा सुपरवायझर नसेल, तर तुम्ही वर्षभर विनावेतन अर्ज भरून देणारे कारकून होऊन बाहेर पडाल.

मुंबईत या प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क १९३६ मध्ये येथेच सुरू झाले (हीच संस्था पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली) आणि देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात झाली. राज्यात २०२३-२४ पासून एम.ए., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग आले, तेव्हा अनेक विभागांची जी धांदल उडाली ती पाहून समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना थोडे हसू आले असल्यास नवल नाही. आमच्याकडे आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्याचे, हे वेळापत्रकातच कोरलेले असते.

प्रत्यक्ष काम कसे असते ते सांगते. वॉर्डातून निवासी डॉक्टरांची चिठ्ठी येते आणि रुग्णाचे नातेवाईक ती घेऊन विभागाच्या दारात उभे राहतात. निम्म्याहून अधिक चिठ्ठ्या पैशांच्या असतात. रुग्णालयात न मिळणारे इम्प्लांट, बाहेरून आणायची औषधे, एखादी महाग तपासणी. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत विद्यार्थ्याला योजना तोंडपाठ कराव्याच लागतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, पण कोणता उपचार तिच्या यादीत बसतो आणि कोणता नाही हे आरोग्यमित्राच्या (योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाच्या) टेबलाशी बसूनच कळते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखाव्या लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमातील हे कलम ४१ कक वर्गात शिकवले जाते, मात्र रुग्ण तिकडे पाठवण्यापूर्वी तेथील समाजसेवकाला फोन करून खाट रिकामी आहे का हे विचारायचे असते, ही गोष्ट विभागातल्या ताईंकडून शिकावी लागते. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, सिद्धिविनायक न्यास, खासगी विश्वस्त संस्था यांचे अर्ज वेगवेगळे, सोबत जोडायची कागदपत्रेही वेगळी. हे सगळे हाताखालून गेले की सरकारी व्यवस्था कागदावर कशी चालते याची जी समज येते, ती कोणत्याही पाठ्यपुस्तकातून येणार नाही.

धोका नेमका येथेच आहे. या कामात गर्दी इतकी असते आणि त्यात यश इतके चटकन दिसते, की विद्यार्थ्याला तेवढेच समाजकार्य वाटू लागते. शहापूर तालुक्यातून आलेल्या एका बाईच्या नवऱ्याच्या मांडीचे हाड मोडले होते. शिधापत्रिकेवर त्याचे घरगुती नाव, आधारकार्डावर शाळेतले. दोन्ही जुळत नसल्याने योजनेची मंजुरी अडली होती. गावी असलेल्या दिराला फोन लावून, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र मागवून ते प्रकरण मार्गी लागले, आणि मी मोठ्या समाधानाने रेकॉर्डिंग लिहिले. एजन्सी सुपरवायझरांनी ते वाचून समासात लाल शाईने एवढेच लिहिले : "बाई रात्री कुठे झोपते?" मला ते ठाऊक नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. दुसऱ्या भेटीत कळले की ती वॉर्डाबाहेरच्या जिन्याखाली चादर टाकून झोपते, धाकटी मुलगी शेजारणीकडे सोडून आली आहे आणि नवरा काही महिने मजुरीला जाऊ शकणार नाही हे तिला अजून कोणीही नीट सांगितलेले नाही. केसवर्क, म्हणजे एकेका व्यक्तीबरोबर करायचे समाजकार्य, तिथून पुढे सुरू झाले. (तपशील ओळख पटणार नाही अशा रीतीने बदलले आहेत, रेकॉर्डिंगमध्येही रुग्णाचे खरे नाव लिहायचे नसते, हे पहिल्याच जीसीमध्ये, म्हणजे गटचर्चेत, बजावले जाते.)

म्हणून या क्षेत्रकार्याचे गुण द्यायचे झाले तर मी सर्वाधिक गुण आयसीला, म्हणजे सुपरवायझरबरोबरच्या वैयक्तिक चर्चेला देईन. आमच्या सुपरवायझर कितीही गर्दी असली तरी आठवड्यातून एकदा दार लोटून घेऊन बसत. तुम्ही काय केले यापेक्षा तसे का केले, हे त्या विचारत. याच रुग्णालयाच्या दुसऱ्या युनिटमधील सहविद्यार्थ्याच्या नशिबी हे नव्हते. त्याची वही महिनाअखेरीस एकदम तपासली जाई, प्रत्येक पानावर सही आणि तारीख, शेरा एकही नाही. त्याने माझ्याइतकेच, कदाचित माझ्याहून जास्त रुग्ण पाहिले असतील. तोंडी परीक्षेत मात्र तो योजनांपलीकडे फारसे सांगू शकला नाही, आणि त्यात त्याचा दोष मला दिसत नाही. महाविद्यालयातील प्राध्यापक सुपरवायझरांची एजन्सी भेट सत्रातून एकदा ठरलेली असते. ती आमच्याकडे चहा आणि हजेरीपत्रक यांपलीकडे गेली नाही. या एका बाबीसाठी महाविद्यालयाला मी कमीच गुण देईन.

पैशांच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या की रुग्णालयातले खरे वैविध्य दिसते. विष घेऊन आलेल्या किंवा जळालेल्या रुग्णाशी बोलण्यापूर्वी मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मधील कलम ११५ वाचलेले असावे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे कायदा गृहीत धरतो आणि तिला शिक्षा करत नाही, आणि नातेवाईक 'केस होईल' या भीतीने खोटी हकिगत सांगत असतात तेव्हा ही माहिती त्यांना देणे हेच पहिले काम ठरते. क्षयरोग विभागात निक्षय पोषण योजनेची (क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या मदतीची) महिन्याची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली, पण रुग्णाचे बँक खाते बंद पडले असेल तर ती जमा कुठे होणार? अनोळखी रुग्णांचे काम सर्वांत चिवट. रेल्वे पोलिसांनी आणून टाकलेला, नाव न सांगू शकणारा माणूस बरा होतो आणि त्याला घरी सोडायला घरच सापडत नाही. त्याच्या बोलीचा हेल ओळखून, तोंडून निसटलेल्या एखाद्या गावाच्या नावावरून तिथल्या पोलीस ठाण्याला फोन करत बसणे, निवारागृहात जागेसाठी विनवण्या करणे यात आठवडे जातात. तेवढ्यात वॉर्डातल्या सिस्टर खाट अडल्याची आठवण रोज करून देतात, आणि त्यांचेही चुकत नसते.

गैरसोयींबद्दल थोडक्यात. विद्यावेतन नाही, रेल्वेचा पास, जेवण आणि झेरॉक्सचा खर्च स्वतःचा. विद्यार्थ्यांना बसायला स्वतंत्र जागा नसते, त्यामुळे अत्यंत खासगी बोलणे व्हरांड्यात उभ्याने करावे लागते, आणि हा मला सर्वांत गंभीर दोष वाटतो. ज्याच्याशी तासभर बोललो त्या रुग्णाची खाट दुसऱ्या भेटीला रिकामी दिसते; डिस्चार्ज झाला की मृत्यू, हे केसपेपरवरून शोधावे लागते. याविषयी बोलायला आयसीखेरीज कोणतीही सोय कोणी केलेली नाही. मराठी आणि हिंदी दोन्ही सराईत नसतील तर मुंबईत हे काम जमणार नाही. भोजपुरी थोडी कळली तर फारच उत्तम.

हे क्षेत्रकार्य घेण्याआधी मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना गाठून दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : आयसी खरोखर होते का, आणि विद्यार्थ्याला योजनांच्या टेबलावरून उठवून वॉर्डात पाठवतात का. दोन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर घर विरारला असो की बदलापूरला, रुग्णालय घ्यावे. उत्तरे नकारार्थी असतील, तर एखादी लहान वस्तीपातळीवरची संस्था किंवा कुटुंब न्यायालयातील समुपदेशन विभाग मागून घ्यावा. तिथे रुग्णालयाइतका अनुभव गोळा होणार नाही, पण जो होईल तो कोणीतरी वाचेल. ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे सलग करायचे क्षेत्रकार्य, मात्र पुन्हा रुग्णालयात घेऊ नये असे माझे मत आहे. सलग महिनाभर तेच केल्याने नवे फारसे हाती लागत नाही, आणि नोकरीच्या मुलाखतीत रुग्णालयाबाहेरचे एखादे काम दाखवता आलेले बरे पडते.