निपाणी ते बेळगाव, एक सीडी : क्रॅनबेरीजची 'स्टार्स'

वापरलेली सीडी ऑनलाइन मागवली, साडेतीनशे रुपये, कुरियरचे वेगळे. 'स्टार्स : द बेस्ट ऑफ १९९२-२००२', आयर्लंडच्या क्रॅनबेरीज बँडची. विकणाऱ्यानं 'अगदी नव्यासारखी' असं लिहिलेलं, पण आली तेव्हा डबीचं एक बिजागर तुटलेलं आणि डिस्कवर उजेडात धरली की दिसतील अशा दोन रेघा. 'साल्व्हेशन' हे गाणंच मुळात अडीच मिनिटांच्या आतलं, तेही मधेच अडकायचं. सुती कापडानं मधून बाहेर, मधून बाहेर अशी हलक्या हातानं पुसली, आता वाजते व्यवस्थित. तरीपण सामानाच्या अवस्थेला माझ्याकडून दोनच स्टार. आतल्या गाण्यांबद्दल मात्र जरा निवांत लिहितो.

आणि हो, मी बाईमाणूस आहे. 'लिहितो' ही टायपिंगची चूक नाही, आमच्याकडं निपाणी-कोल्हापूर पट्ट्यात बायका 'मी आलो', 'मी जातो' असंच बोलतात. याचा या सीडीशी संबंध आहे, खाली येईलच.

सीडीच का, मोबाईलवर सगळं मिळतंय की, असं धाकटा भाऊ म्हणाला. तर वडिलांच्या जुन्या गाडीत सीडी प्लेअर आहे आणि तो अजून चालतो हे एक, आणि दुसरं म्हणजे मोबाईलवर आपण 'झॉम्बी' लावतो, 'लिंगर' लावतो आणि संपलं. ही सीडी सव्वा तासाहून मोठी आहे आणि गाणी बरीचशी बँडच्या आयुष्याच्या क्रमानं लागलीयत, म्हणजे निपाणीतून निघताना लावली की बेळगावात शिरेपर्यंत एका बँडची दहा वर्षं सलग कानावरून जातात. आईला दर पंधरा दिवसांनी बेळगावला डॉक्टरकडं न्यावं लागतं, त्यामुळं माझी ही सीडी आता सातआठ वेळा पुरी ऐकून झालीय, तीपण आईसोबत.

सुरुवात 'ड्रीम्स'नं. हायवेला लागल्या लागल्या तो गिटारचा झरझर आवाज आणि त्यावर डोलोरेस ओरिऑर्डनचा गळा, शब्द संपले तरी सूर चालूच राहतो, मधेच फुटतो, वर जाऊन परत खाली येतो. ही पोरं डब्लिनची नव्हेत, लिमरिकची, शॅनन नदीकाठच्या गावची. १९८९ ला नोएल आणि माइक होगन या दोघा भावांनी ड्रमर फर्गल लॉलरला घेऊन बँड काढला, गायक दुसराच होता, तो सोडून गेला आणि १९९० ला डोलोरेस आली. बॅलीब्रिकन या खेड्यातली, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी, घरात सगळ्यात धाकटी. पोरांनी तिला एका चालीची कॅसेट दिली, ती घरी घेऊन गेली आणि शब्द बसवून परत आली, तेच 'लिंगर'.

१९९३ मध्ये पहिला अल्बम आला तेव्हा ब्रिटनमध्ये कुणी फारसं विचारलंच नाही. मग ही मंडळी दुसऱ्या बँडांच्या आधी वाजवायला म्हणून अमेरिकेत फिरली, तिथं एमटीव्हीनं 'लिंगर' उचललं, गाणं अमेरिकेत आठव्या नंबरापर्यंत गेलं आणि नंतर १९९४ मध्ये तोच अल्बम ब्रिटनमध्ये एक नंबरला. जवळच्यांनी ओळखायच्या आधी लांबच्यांनी ओळखलं. हे आपल्याकडंही होतं, सीमेवरच्या माणसाला तर हे लवकर कळतं, पुणे-मुंबईवाल्यांना आम्ही कर्नाटकातले आणि बेंगळुरूवाल्यांना आम्ही मराठी.

आता ते 'मी जातो'चं. बारावीनंतर मी पुण्याला शिकायला होतो. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात 'काय करायलाईस गं' म्हटलं तर सगळा मजला हसला, आणि मुलगी असून 'मी येतो' म्हणते म्हणून कायमची नक्कल सुरू झाली. चार महिन्यांत मी ते सगळं गिळलं, 'मी येते, मी जाते' अगदी स्वच्छ बोलायला लागलो, फोनवर आई म्हणायची, तू परक्यासारखी का बोलायलीस. त्याच वर्षी रूममेटच्या लॅपटॉपवर 'झॉम्बी' पहिल्यांदा ऐकलं. इंग्रजी गाणं म्हटलं की सगळे एकाच अमेरिकन सुरात गातात असं मला वाटायचं, आणि ही बाई तर गावाकडचं इंग्रजी तसंच्या तसं गात होती. शब्दाच्या शेवटाला हेलकावा देते, स्वर दाबून मोठा करते, लिमरिकचा हेल जगभर फिरून आला तरी तिनं तो पुसला नाही. तिची शाळा आयरिश भाषेच्या माध्यमाची होती हे मला नंतर समजलं. मी मराठी माध्यमाचा, कर्नाटकातल्या मराठी शाळेतला. ते वाचलं त्या दिवशी मी आईला फोन करून 'मी उद्या येतो' म्हटलं, मुद्दाम.

सीडीवर 'झॉम्बी' तिसरं आहे, बरोबर तवंदी घाटाच्या आसपास लागतं. पहिल्यांदा लागलं तेव्हा आईनं खिडकीची काच वर घेतली आणि विचारलं, "ही पोरगी रडायलीय का भांडायलीय गं?" मी म्हटलं, दोन्ही. मग गाडी चालवता चालवता हे गाणं कशावरून आलं ते सांगितलं, इंग्लंडमध्ये वॉरिंग्टन म्हणून गाव आहे, २० मार्च १९९३, शनिवार, दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा आईचा दिवस म्हणून लोक बाजारात आलेले, आणि कचऱ्याच्या डब्यांत आयआरएनं, म्हणजे ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयर्लंडच्या सशस्त्र संघटनेनं, ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. एक तीन वर्षांचा पोरगा गेला, एक बारा वर्षांचा. डोलोरेसचा राग असा, की हे आयर्लंडच्या नावानं करायलेत आणि मी आयर्लंडची आहे, मला कुणी विचारलं? तिथं तिला भोळी म्हणणारेही निघाले.

आम्हाला हा राग कळतो. तिथली गोष्ट फार वेगळी आणि फार रक्ताची, बरोबरी करत नाही. पण इथं सीमेचा वाद पेटला की आधी एसटी बंद होतात, सीमेवरच्या कोगनोळीपासून गाड्या मागं फिरतात, काचा फुटतात, आणि ज्याला दवाखान्यात जायचंय, ज्याचा कॉलेजचा पेपर आहे, त्याच्याच नावानं हे सगळं चाललेलं असतं. आई संकेश्वर येईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, "परत लाव ते."

वाजवायच्या दृष्टीनं बघाल तर 'झॉम्बी'त पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच चार कॉर्ड, गिटार शिकणारं पोरगं पहिल्या महिन्यात वाजवतं. सगळा खेळ आवाजाचा, आधी दबलेला आणि मग गिटारच्या गडगडाटावर फाटलेला. हे गाणं ज्याच्यात आहे तो १९९४ चा दुसरा अल्बम दीडेक कोटीच्या वर खपला. त्याच अल्बमचं 'ओड टु माय फॅमिली' लगेच पुढं लागतं, आणि इतक्या ओरडण्यानंतर आईबापाची आठवण काढणारं ते शांत गाणं ठेवलंय ही जुळणी मला फार आवडली.

हत्तरगी टोलच्या पुढं सीडी उतरणीला लागते, हे लिहिलंच पाहिजे. १९९६ चा तिसरा अल्बम घाईत झाल्यासारखा वाटतो, डोलोरेसची तब्येत ढासळली, दौरा अर्ध्यावर थांबला. त्यातलं 'व्हेन यू आर गॉन' तेवढं मनात राहतं. १९९९ च्या अल्बममधलं 'अ‍ॅनिमल इन्स्टिंक्ट' चांगलं आहे, पहिलं मूल झाल्यानंतरचं गाणं, आवाजात एक नवीन वजन आलंय. २००१ च्या गाण्यांवरून मात्र कान घसरून जातो, यमकनमर्डी कधी गेलं कळत नाही. मग शेवटाकडं 'डॅफोडिल लमेंट', सहा मिनिटांचं, दुसऱ्या अल्बममधलं, ते सुरू झालं की वंटमुरी घाटात मी कुणाशी बोलत नाही. शेवटी दोन नवी गाणी आहेत, बरी आहेत, सीडी त्यांच्यासाठी घेऊ नका.

आणि या सीडीत जे नाही ते फार मोठं आहे. २००३ ला बँड थांबला, २००९ ला परत एकत्र आला, २०१२ ला नवा अल्बम केला, २०१७ ला जुनी गाणी लिमरिकमध्येच आयरिश चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर परत वाजवली. १५ जानेवारी २०१८ ला डोलोरेस लंडनमध्ये गेली, वय ४६. तिनं रेकॉर्ड करून ठेवलेल्या कच्च्या गाण्यांवर उरलेल्या तिघांनी तिच्या घरच्यांना विचारून काम केलं आणि २०१९ मध्ये 'इन द एंड' काढला, आणि बँड तिथंच बंद केला. गायिका बदलून दुकान चालू ठेवलं नाही, यासाठी मला ही माणसं फार मोठी वाटतात. ती गेली त्याच वर्षी लिमरिकचा हर्लिंगचा (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) संघ ४५ वर्षांनी ऑल-आयर्लंड ही देशातली सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकला आणि स्टेडियमवर 'ड्रीम्स' लागलं. तो व्हिडिओ बघा, अख्खं मैदान गातंय.

तर ज्यांनी नुसतं 'झॉम्बी' ऐकलंय त्यांनी ही सीडी घ्या, वापरलेली घ्या, पण डिस्कचा उजेडात काढलेला फोटो आधी मागा. पहिले दोन अल्बम ज्यांच्याकडं आहेत त्यांनी हिच्यावर पैसे घालू नका, सरळ 'इन द एंड' घ्या. मी तो मागवलाय, पुढच्या बेळगाव फेरीच्या आत यायला पाहिजे, आईनं दोनदा विचारलं.